केसांसकट साखर

सल्ला फुकट मिळतो म्हणून तो घ्यायलाच हवा असं नाही, हे धाकटीला नवव्या वर्षीच कळून चुकलं होतं.

नवव्या वर्षी तिच्या शरीराने इन्सुलिन बनवायचं काम कायमचं बंद केलं. का, ते डॉक्टरांनाही धड सांगता आलं नाही. तिने गोड फार खाल्लं म्हणून नाही, आईने लाड केले म्हणून नाही, कुणाची दृष्ट लागली म्हणून तर मुळीच नाही. बंद पडलं ते पडलं. तेव्हापासून जे खायचं त्याच्या मापाने इन्सुलिनची सुई घ्यायची. दोन पाव खाल्ले तर दोन पावांची, वाटीभर भात खाल्ला तर वाटीभराची. सुई जास्त झाली आणि खाणं कमी पडलं तर साखर धाडकन खाली येते आणि माणूस तासाभरात आडवा होतो. उलट झालं तर साखर वर चढते आणि सावकाश नासधूस करते. गणित एवढंच. पण ते रोज, प्रत्येक घासाला, सुट्टी न घेता सोडवायचं, आणि आपण सोडवत असताना भोवती दहाजण उभे राहून चुकीची उत्तरं ओरडत असतात.

"तुला चालतं का गं हे?" हा त्यातला लाडका प्रश्न. केळ्याचं साल सोलायला घेतलं की कुठून तरी तो येणारच. "चालतं" म्हटलं तर विचारणारा मान हलवायचा, म्हणजे बिचारीला जिभेवर ताबा नाही. "नाही चालत" म्हटलं तर त्याचा चेहरा खुलायचा. आता तिचं वय पस्तिशीला टेकलं होतं, आणि अजून तिच्या ताटात डोकावल्याशिवाय कुणाला जेवण जात नव्हतं.

डोकावणाऱ्यांत पहिला नंबर थोरल्या बहिणीचा. केस कापायचं दुकान थोरलीचं. आरशासमोर दोन खुर्च्या, एक तिची, एक धाकटीची. मागे केस धुवायचं बेसिन, कोपऱ्यात चहाची शेगडी आणि साखरेचा डबा. थोरलीचा हात झपाझप चालायचा, तोंड त्याहून झपाझप. धाकटी मात्र केस बघून कापायची. केस कुठल्या बाजूला वळतो, ओला असताना किती लांब दिसतो आणि वाळला की किती आखडतो, हे तिला बोटांनी कळायचं. अर्धी गिऱ्हाइकं तिच्याच खुर्चीसाठी थांबून राहायची. थोरलीला त्याचा अभिमान होता आणि थोडं पोटातही दुखायचं. दोन्ही खरं.

थोरलीचं धाकटीवर प्रेम होतं, याबद्दल कुणाच्या मनात शंका नको. अडचण प्रेमाचीच होती. एका गिऱ्हाइकाने खुर्चीत बसल्या बसल्या सांगितलं, आमच्या काकांना डायबेटीस होता, गोड सोडवलं नाही, शेवटी पाय कापावा लागला. त्या काकांचं दुखणं वेगळं, हिचं वेगळं. पण एवढा फरक करत बसेल ती थोरली कसली? तिच्या डोक्यात काकांचा पाय जाऊन बसला. आणि आरशाखालच्या फळीवर धाकटीची संत्र्याच्या सरबताची बाटली होती, ती दर आठवड्याला थोडी थोडी रिकामी व्हायची. थोरली ते बघायची. तिच्या हिशोबाने धाकटी चोरून गोड पीत होती.

ती बाटली औषध होती. साखर खाली आली की चार घोट घ्यायचे, पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा बोट टोचून बघायचं. हे धाकटीने थोरलीला निदान पन्नासदा सांगितलं असेल. थोरलीने पन्नासदा "हो गं, माहितीये" म्हटलं होतं. माहितीये म्हणणाऱ्या माणसाला काहीही शिकवता येत नाही.

त्या दिवशी दुपारी धाकटीने डबा उघडला. दोन पाव, बटाट्याची भाजी, एक सफरचंद. बोट टोचलं, आकडा बघितला, तेवढ्या खाण्याची सुई पोटावर घेतली आणि जेवायला लागली. एक पाव पोटात गेला, तोच थोरलीची हाक आली.

"चिमे, बँकेतल्या बाई आल्यात! ऊठ!"

चिमणीची चिमी झाली होती आणि केस पांढरे झाले तरी ती चिमीच राहणार होती.

"ताई, सुई घेतलीये मी. दहा मिनिटं दे."

"त्यांना परत बँकेत जायचंय. तुझं खाणं कुठे पळून जातंय का? नंतर खा."

खाणं पळून जात नाही, पण टोचलेली सुईही परत निघत नाही. धाकटीने मनातल्या मनात हिशोब केला. एक पाव, अर्धी भाजी आणि सफरचंद राहिलंय, तेवढ्याच्या ऐवजी सरबताचे मोठे चार घोट. अशी वेळ पहिल्यांदा आली नव्हती. तिने बाटली तोंडाला लावली, चारऐवजी पाच घोट घेतले आणि बँकेतल्या बाईंच्या गळ्याभोवती कापड बांधलं.

बाईंना मानेपर्यंत केस हवे होते. उजवी बाजू कापून झाली. डावीकडे वळताना धाकटीला कंगव्याचे दात दोन-दोन दिसायला लागले. पाठीवरून घाम ओघळला. ही साखर उतरल्याची खूण, पण सरबत तर घेतलंय, मग असं कसं? तिने आधी कात्री फळीवर ठेवली. हे तिचं पक्कं होतं, हात थरथरला की पहिली कात्री खाली. मग बोट टोचलं. बावन्न. सत्तरच्या खाली गेलं की काळजीचं, आणि हे बावन्न.

"बाई, दोन मिनिटं हं," ती म्हणाली आणि उरलेली अर्धीअधिक बाटली घटाघटा प्यायली. हात लटपटत होता, थोडं सरबत फरशीवर सांडलं. ती स्टुलावर बसून राहिली. आता वर येईल. यायलाच हवं. पंधरा मिनिटं म्हणजे किती मोठी असतात हे ज्याला कळून घ्यायचं असेल त्याने असं बसून बघावं. बाई आरशात अर्धे लांब, अर्धे आखूड केस घेऊन घड्याळाकडे बघत होत्या. थोरली आपल्या खुर्चीवरच्या गिऱ्हाइकाशी बोलत होती.

पुन्हा बोट टोचलं. एक्केचाळीस.

यापुढे धाकटीला नीटसा विचार करता येत नव्हता. एक गोष्ट मात्र कळत होती, कोपऱ्यात साखरेचा डबा आहे. ती भिंत धरत तिथे गेली, झाकण काढलं आणि आत मूठ घातली.

"अगं ए! शुद्धीवर आहेस का?" थोरलीने मनगट पकडलं. "एवढं प्यायलीस आणि वर साखर? मरायचंय का तुला?"

धाकटीला बोलायचं होतं, पण जीभ वळेना. तिने हात ओढला. थोरलीने डबा ओढला, ओढाओढीत दोघी खुर्चीपाशी आल्या. दोन बहिणी लहानपणी बाहुलीसाठी भांडल्या नसतील एवढ्या त्या डब्यासाठी भांडल्या. डबा निसटला आणि खण्णकन आपटला, सगळी साखर फरशीवर, बँकेतल्या बाईंच्या कापलेल्या केसांत. धाकटी गुडघ्यांवर बसली. तिने ओंजळ भरली आणि केसांसकट साखर तोंडात कोंबली. चावली, गिळली, पुन्हा भरली. केस घशात अडकत होते, तिला ओकारी येत होती, आणि ती खात होती. बाई किंचाळल्या. थोरली "सोड, सोड" म्हणत तिचा दंड ओढत होती. धाकटीने तिच्या हाताला कडकडून चावा घेतला, तेव्हा कुठे तिने सोडलं.

अशी ती वाचली.

आकडा वर आला, जीभ मोकळी झाली, आणि लोकांची तोंडंही मोकळी झाली. बाईंची डावी बाजू थोरलीने घाईघाईत उरकली. त्या जाताना दारात थोरली दबक्या आवाजात म्हणाली, "काय करू हो, चोरून गोड खाते, मग असं होतं." दबका आवाज फक्त तिला स्वतःला दबका वाटायचा. मग तिने धाकटीसमोर हात पुढे केला.

"कात्री दे."

"का?"

"काही दिवस नको. हातात कात्री असताना पडली असतीस तर? गिऱ्हाइकाचा कान गेला असता. तू केस धू, झाडलोट कर. बाकीचं नंतर बघू."

धाकटीने कात्री दिली. मुकाट्याने दिली, कारण तिला स्वतःचीच शंका आली होती. सुई चुकली का? आकडा वाचण्यात चूक झाली? पाच घोट आणि मग अर्धी बाटली, एवढ्याने तर साखर दोनशेच्या वर जायला हवी होती. इतकी वर्षं जे गणित झोपेतही चुकलं नाही ते आज चुकलं असेल, तर कात्री काय, कशावरच तिचा भरवसा उरला नव्हता. दुपारभर ती लोकांची डोकी धूत तोच हिशोब पुन्हा पुन्हा मांडत राहिली.

दुकान बंद करताना तिने झाडू घेतला. साखर आणि केस एका ठिकाणी गोळा केले. मग आरशाखाली, जिथे सरबत सांडून वाळलं होतं, तिथे आली. तिथेही केस पडले होते. तिने झाडू फिरवला आणि केस सगळेच्या सगळे अलगद निघून आले.

ती थांबली.

दुकानात कुणी गोड काही सांडलं की काय होतं, हे झाडणाऱ्याला विचारावं. केस असे चिकटतात की झाडू हरतो. गरम पाण्याचं फडकं घेऊन गुडघ्यांवर बसून खरवडावं लागतं. सरबत सांडलं की तिने आजवर असंच खरवडलं होतं. आज फरशी कोरडी ठाक होती. तिने बोट फिरवलं, चिकट काही नाही. बाटलीच्या तळाशी घोटभर उरलं होतं ते तळहातावर ओतलं, वाळू दिलं, मूठ उघडली-मिटली. हात पाण्याने धुतल्यासारखा मोकळा.

बाटलीत साखरच नव्हती.

रंग तोच, वास तोच, गोडीही वरवर तीच, पण ती गोडी खोटी. बिनसाखरेचं सरबत बाजारात मिळतं, ते कुणीतरी आणून तिच्या बाटलीत ओतलं होतं. आणि दुकानाची किल्ली दोघींकडेच होती.

धाकटी झाडू धरून उभी राहिली, तेव्हा तिच्या अंगात जे चढलं ते साखर नव्हे. तिने ठरवलं, रस्त्यात काही बोलायचं नाही. घरी आईसमोर, भाऊजींसमोर, सगळ्यांची जेवणं झाल्यावर बोलायचं.

घरी पानं घेतली होती. भात, बटाट्याची भाजी, उकडलेली अंडी. धाकटीने बोट टोचलं, एकशे अठरा. भाताची आणि बटाट्याची सुई घेतली आणि पहिला घास उचलला. तोच आई म्हणाली, "दुपारचं कळलं हो मला. अगं, एवढी मोठी झालीस, जरा जिभेला आवर घालावा माणसाने."

जेवणं होईपर्यंत थांबायचा बेत तिथेच बारगळला.

"ताई," धाकटी म्हणाली, "माझ्या बाटलीत काय ओतलं होतंस?"

थोरली भात कालवत होती. हात थांबला नाही. "काय म्हणजे? सरबत."

"साखरेचं?"

भाऊजींनी अंड्याकडे बघायला सुरुवात केली. बहिणींच्या मध्ये पडायचं नाही, हा त्यांच्या संसाराचा पाया होता.

"बिनसाखरेचं," थोरली म्हणाली. "हो, बदललं मी. गेल्याच आठवड्यात. मग? तुझ्या भल्यासाठीच ना? सांगितलं असतं तर ऐकलं असतंस का तू?"

"अगं, ती बाटली बुडणाऱ्याला फेकायचा दोर होता! तू दोर कापून ठेवलास आणि तिथे रिबीन बांधलीस! एक्केचाळीस होती माझी साखर. मी केस गिळले, ताई. लोकांचे केस गिळले! आणि तू माझी कात्री काढून घेतलीस!"

"मला काय माहीत तुला नेमकी तेव्हाच..."

"माहीत नव्हतं तर हात कशाला लावलास?"

"असं नको गं बोलू," आई मध्ये पडली. "प्रेमापोटीच केलं ना तिने. तिचा जीव तुटतो तुझ्यासाठी."

"तिचा तुटतो आणि माझा जातो, आई!"

थोरलीचे डोळे भरून आले. तिने हात झटकला, ताट पुढे लोटलं आणि भरल्या ताटावरून उठून आतल्या खोलीत गेली. दार आपटलं. मग जे व्हायचं तेच झालं. आई उठून तिच्यामागे गेली, भाऊजी अंडं अर्धवट टाकून आईच्या मागे. दाराआडून समजावणी ऐकू यायला लागली. "दोन घास खाऊन घे. उपाशी झोपू नये. तिचं काय मनावर घेतेस, ती रागात बोलली."

टेबलापाशी धाकटी एकटी. ताटावरून उठणं तिलाही आवडलं असतं. ताट असं ढकलावं की वाटी उलटून पडावी, मग दार आपटावं, आणि घरभर सगळ्यांनी "दोन घास खा गं" म्हणत मागे फिरावं. पण सुई पोटात गेली होती. आत्ता रागाने उठली तर तासाभराने पुन्हा फरशीवर. या घरात रुसून उपाशी राहायची सोय सगळ्यांना होती, तिला नव्हती. तिने घास घेतला. तोंडाला चव नव्हती. चावला, गिळला, पुढचा घेतला.

आई बाहेर आली ती हबकून उभी राहिली. "तू जेवतेयस? ती तिकडे रडून रडून अर्धी झालीये, आणि तुझ्या घशाखाली उतरतं तरी कसं?"

"सुई घेतलीये आई. उतरवावंच लागतं."

आई जवळ आली. तिचा चेहरा मवाळ झाला, आणि तिच्या हाताने तेच केलं जे तो सव्वीस वर्षं करत आला होता. तिने धाकटीच्या ताटातून चमचाभर भात उचलला. "मग निदान एवढा तरी काढते. दुपारी तेवढी साखर गेलीये पोटात."

"आई, ठेव तो भात!"

धाकटीचा आवाज असा चढला की आतली समजावणी बंद पडली. चमचा आईच्या हातातून ताटात पडला. "आत्ताच सांगितलं ना, सुई घेतली म्हणून? या भाताचीच घेतलीये! तुम्ही सगळे मिळून मला मारणार आहात, आणि वर म्हणणार, जिभेला आवर नव्हता!"

ताटावरून उठता येत नव्हतं. पण ताट घेऊन उठता येत होतं, हे तिला त्या क्षणी सुचलं, आणि आजवर कसं सुचलं नाही याचाही राग आला. तिने ताट उचललं, दार उघडलं आणि बाहेर जिन्याच्या पायरीवर जाऊन बसली. मांडीवर ताट घेऊन, जाणाऱ्या-येणाऱ्याच्या वाटेतच, ती जेवायला लागली.

थोडा वेळ गेला आणि थोरली दारात आली. डोळे सुजलेले, हातावर दुपारच्या दातांच्या खुणा. "आत ये. लोक बघतील."

"बघू देत."

"चिमे, तमाशा नको."

"दुपारी केलास की तू. मी चोरून गोड खाते म्हणून दुकानाच्या दारात सांगितलंस. आता खरं काय ते सांग. दुकानात सांग, बाईंना सांग, ज्याला ज्याला सांगितलंस त्याला सांग. माझी चूक नव्हती, मी मोजलं होतं ते बरोबर होतं. ते सांगशील तेव्हा मी आत येईन, आणि कात्रीही तेव्हाच घेईन."

खालून पावलं वाजली. वरच्या मजल्यावरचे चष्मेवाले काका धापा टाकत येत होते. त्यांचं चष्म्यांचं दुकान केसांच्या दुकानाला लागून होतं, आणि त्यांच्या कानावर गेलेलं गल्लीभर व्हायला दिवस मावळावा लागत नसे. पायरीवर ताट बघून ते थबकले.

"काय गं, इथे जेवतेस?"

"काही नाही काका," थोरली पटकन म्हणाली, "तिची साखर उतरलीये, म्हणून जरा चिडचिड."

"साखर एकशे अठरा होती काका," धाकटी भरल्या तोंडाने म्हणाली. "अगदी छान. चिडलेय ती चिडायलाच हवं म्हणून. का, ते ताई सांगेल."

काका थोरलीकडे बघायला लागले. थोरली धाकटीकडे. धाकटी ताटाकडे बघून घास करत होती. जिन्यात तिचं चावणं तेवढं ऐकू येत होतं. थोरलीने दाराची कड धरली, सोडली, पुन्हा धरली.

"मी बदललं," ती अखेर म्हणाली. "हिची बाटली. साखरेचं सरबत ओतून दिलं आणि बिनसाखरेचं भरून ठेवलं. हिला न सांगता. दुपारी जे झालं ते त्याने झालं. हिने काही चोरून खाल्लं नव्हतं."

काकांनी ऐकून घेतलं, मान डोलावली आणि पुढची पायरी चढता चढता प्रेमाने म्हणाले, "बरं केलंस की मग. साखर वाईटच तिला."

थोरलीच्या चेहऱ्यावर आधी काहीच उमटलं नाही. मग कानापर्यंत लाली चढली.

"बरं काय केलं?" ती ओरडली. इतक्या जोरात की आतून आई आणि भाऊजी धावत आले. "काय बरं केलं, काका? मेली असती ती! माझ्या डोळ्यांसमोर मेली असती, आणि मी तिचा हात धरून ठेवला होता! तुम्हाला काय कळतं त्यातलं? कळत नाही तर तोंड कशाला उघडता?"

काका कठड्याला टेकून उभे राहिले. थोरली थांबेना. ती पुन्हा सगळं सांगायला लागली, सुईचं, पावाचं, सरबताचं, एक्केचाळिसाचं. दोन ठिकाणी चुकली, धाकटीने मान वर न करता दुरुस्त केलं.

ताटात एक बटाटा उरला होता. धाकटीने तोही खाल्ला.